लाइन तुटायची तेव्हा

कॉम्प्युटरच्या बाजूचं पत्र्याचं झाकण धाकट्याने जोर लावून ओढलं, आणि आतून एक झुरळ त्याच्या मनगटावर पडून टेबलाखाली पसार झालं. त्याने हात झटकला, पँटला पुसला, आणि मग पँटचीच किळस आली म्हणून पुन्हा हवेत झटकला. आत बघितलं तर पंख्याच्या पात्यांवर धूळ नुसती बसलेली नव्हती, तिने तिथे संसार थाटला होता. कोपऱ्यात झुरळाची अंडी, एक वाळून काडी झालेली पाल आणि सगळ्यावर कसला तरी चिकट, तपकिरी थर.

त्याने जुन्या टूथब्रशने खरवडायला सुरुवात केली. ब्रश बाबांचा होता. बाबांना तो आता लागत नव्हता. सकाळी त्यांना अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी कापसाच्या बोळ्याने त्यांचं तोंड आतून पुसायच्या आणि बोळा बादलीत टाकायच्या. त्या बादलीकडे धाकटा बघतसुद्धा नसे.

पलीकडच्या खोलीतून खोकला आला. लांबलचक, घरघरत वर चढणारा आणि शेवटी घशातच कुठेतरी चिकटून बसणारा. आता तो कफ पुसायला उठायचं, मग ते फडकं धुवायचं, मग हात धुवायचे, आणि तरीही जेवताना तो वास बोटांना यायचाच. हा म्हातारा, ही झुरळं, हे भंगार मशीन, कशाकशाचा म्हणून वीट यावा माणसाला?

वय पन्नाशीकडे झुकलं होतं, तरी घरात तो धाकटाच होता. बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्याने ऑफिसची नोकरी सोडली. घरी दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा ऑफिसने मोडीत काढलेला हा कॉम्प्युटर निरोपाच्या भेटीसारखा त्याच्या गळ्यात पडला. त्याच्यावरच आता त्याचं नवं काम चालायचं. वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारी ऐकायच्या. हेडफोन कानाला लावून घरी बसायचं, नेटवरून फोन येत राहायचे, आणि पलीकडचा कितीही भडकला तरी आपण तोंडात साखर धरून बोलायचं. कंपनीने त्याला महिनाभर पारखायला ठेवलं होतं. घरात बसून करता येईल असं हे एकच काम त्याला मिळालं होतं, आणि ते हातचं गेलं तर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताईपुढे हात पसरावा लागला असता. त्यापेक्षा झुरळं बरी, असं त्याचं मत होतं.

काम त्याला जमत होतं. चांगलंच जमत होतं. पण बोलता बोलता लाइन तुटायची. कोपऱ्यातल्या वायरलेसच्या खुणेवर पिवळा त्रिकोण यायचा, हेडफोन मुका व्हायचा, आणि जरा वेळाने काही झालंच नाही अशा थाटात सगळं पुन्हा चालू. तोवर समोरचा माणूस गेलेला असायचा. काल सुपरवायझर बाईंचा निरोप आला होता. भाषा अर्थातच गोड होती. आपलं बोलणं ग्राहकांना फार आवडतं, पण फोन असेच मध्येच तुटत राहिले तर हा आठवडा आपला शेवटचा समजावा, दिलगीर आहोत.

डबा साफ करून, झाकण लावून, त्याने मशीन सुरू केलं. लाइन आली. त्याने श्वास सोडला. पलीकडून पुन्हा खोकला आला आणि लाइन गेली.

"मर," तो म्हणाला. मशीनला की आणखी कोणाला, हे त्याचं त्यालाही ठरवावंसं वाटलं नाही.

मग त्याने नेटवाल्यांच्या मदत केंद्राला मोबाइलवरून फोन लावला. बरीच बटणं दाबून घेतल्यावर एक बाई बोलायला आली.

"नमस्कार सर. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत."

धाकट्याने डोळे मिटून घेतले. हेच वाक्य, हाच चढ, 'मनापासून'वर हाच थांबा. दिवसभर तोही हेच म्हणत असे. मध्येच आवाज बंद करून ही बाई काय पुटपुटत असेल तेही त्याला ठाऊक होतं, कारण तोही तेच पुटपुटायचा.

तिने सांगितलं ते सगळं त्याने केलं. राउटर बंद करून चालू केला. कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचलेला वायरलेसचा तुकडा काढून पुढच्या बाजूला लावला. नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडलं, पासवर्ड टाकला. बाई शांतपणे एकेक पायरी सांगत होती, आणि तिच्या शांतपणाने त्याचं पित्त खवळत होतं.

"सर, आपलं मशीन जुनं आहे. त्याला आजूबाजूच्या लहरींचा त्रास होऊ शकतो. जवळपास मायक्रोवेव्ह, जुना कॉर्डलेस फोन, लहान बाळाचं रडणं ऐकायला ठेवतात तसलं यंत्र, असं काही आहे का?"

"बाळ नाही हो आमच्याकडे. म्हातारा आहे."

"त्याने काही अडचण येत नाही, सर," ती अगदी गंभीरपणे म्हणाली.

राहता राहिला राउटर. तो होता जिन्याच्या वळणावर, एका लाकडी खोक्यात. कनेक्शन ताईच्या नवऱ्याच्या नावावर होतं आणि खालचा-वरचा मिळून वापर चालायचा. हे आधीच कसं सुचलं नाही, म्हणून धाकट्याने कपाळावर हात मारला. वरचेच बंद करत असणार. दुसरं काय? तो तरातरा जिना चढून गेला आणि बेल न वाजवता दारावर थाप मारली.

ताईने ओल्या हातांनी दार उघडलं. तिच्यामागे तिचं स्वयंपाकघर दिसत होतं, ओटा पुसून लख्ख, खिडकीत रोप, कुठे म्हणून वास नाही. त्या लख्खपणाचीही त्याला शिसारी आली. फ्रिजवर एक पांढरा, मुठीएवढा डबा होता, त्यावर बदकाचं अर्धवट सोललेलं चित्र, आणि त्यातून स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी खरखर येत होती. ताईने मागे हात नेऊन त्याची खुंटी फिरवली. खरखर थांबली.

"तुम्ही नेट बंद करता का मधून मधून?"

"आम्ही? नाही रे. सकाळपासून मी एकटीच तर आहे घरात."

"मग तुटतं कसं?"

"मला काय कळतंय त्यातलं? हे आले की विचारते." मग हळूच म्हणाली, "बाबांचा खोकला ओला झालाय ना रे? आधी कोरडा होता."

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिन्यातून जाता-येता कानावर पडत असेल तेवढ्यावर ही चौकशी करणार!

"खाली येऊन बघ की. जिना काय समुद्रापार आहे?"

ताई पदराला हात पुसत राहिली. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"मला बघितलं की ते कसं करतात, तुला माहीत आहे."

माहीत होतं. ताईने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हापासून बाबा तिच्याशी बोलले नव्हते. आईने जाण्याआधी हट्टाने वरचा मजला लेकीच्या नावावर केला, आणि तेव्हापासून कित्येक वर्षं जिन्यात लेक समोर आली की बाबा भिंतीकडे तोंड करून उतरायचे. झटक्यानंतर बाबांना घरी आणलं त्या दिवशी ती खाली आली होती. तिला पाहताच बाबांनी चालत्या हाताने पलंग बडवायला सुरुवात केली, तोंडातून नुसता 'आं आं' असा आवाज, आणि अंथरूण ओलं. रागाने की आणखी कशाने, ते विचारायची सोय उरली नव्हती. ताई त्यानंतर खाली आली नाही. सोयीचंच झालं तिच्या, असं धाकटा मावशींजवळ म्हणायचा. मावशी नुसतं बादली उचलून चालू पडायच्या.

"झोप तरी होते का रे तुझी?" ताईने विचारलं. हे ती हल्ली जिन्यात भेटली की विचारायची, आणि विचारताना त्याच्याकडे अशी बघायची की जणू आजारी तोच आहे.

"होते," तो म्हणाला आणि खाली उतरला.

दुपारी त्याने पुन्हा हेडफोन चढवला. चढवण्याआधी रिवाजाप्रमाणे बाबांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. टेबल अशा जागी होतं की पलंगावरून ते आणि त्याच्यापुढचा धाकटा सरळ दिसायचे. त्याने कानावरच्या हेडफोनला बोट लावून दाखवलं.

"हे कानावर आहे तोवर तोंड बंद. कळलं?"

पूर्वी त्याची बाबांपुढे मान वर करायची छाती नव्हती. आता सर्रास अरे-तुरे चालायचं. बाबांनी पापण्या मिटून उघडल्या. कधी कधी ते पाळायचेही. चेहरा लालबुंद होईपर्यंत खोकला आत दाबून धरायचे, आणि मग तो दुप्पट जोराने, लाळेसकट बाहेर पडायचा. धाकट्याला त्याचीच जास्त घाण वाटायची.

पहिला फोन एका वयस्कर बाईंचा होता. मशीनमधून पाणी गळून घरभर झालं होतं आणि त्या रडकुंडीला आल्या होत्या.

"काळजी करू नका, काकू," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज आपोआप खाली उतरला, मऊ झाला. "आधी तुम्ही बसून घ्या पाहू. घाई नाही. मी आहे ना. हं, बसलात? आता मला सांगा, मशीनच्या मागे एक नळी दिसतेय?"

"थांबा हं, दिसतेय, पण मला वाकायला होत नाही हो."

"नका वाकू. सावकाश. आपण दुसरं काहीतरी करू."

"आं," बाबांच्या खोलीतून आलं. "आं… आं…"

पिवळा त्रिकोण. हेडफोन मुका.

धाकटा उठला तो खुर्ची पाडूनच. खोलीत वास भरला होता. बाबांनी चालत्या हाताने पांघरूण बाजूला सारलं होतं आणि त्यांच्याकडून झालं होतं. हाताला, चादरीला, पलंगाच्या कठड्याला, सगळीकडे लागलं होतं.

"मुद्दाम करतोस ना?" तो ओरडला. "माझ्या पोटावर पाय द्यायला बसलायस? अरे सुटका तरी कर एकदाची, तुझीही आणि माझीही!"

बाबा छताकडे बघत राहिले. धाकट्याने हातमोजे शोधायला मान वळवली, आणि दारातून त्याला टेबलावरचा पडदा दिसला. त्रिकोण अजून होता. तो गप्प उभा राहिला, कारण मळमळ आवरायची होती. त्रिकोण गेला. लाइन आली.

"ह्या!" तो म्हणाला. त्रिकोण आला.

धाकट्याने श्वास रोखला. त्रिकोण गेला. त्याने टाळी वाजवली. आला. पुन्हा शांत. गेला. त्या घाणेरड्या खोलीत उभा राहून पन्नाशीला आलेला माणूस एकदा टाळी वाजवत होता, एकदा 'हॅलो' म्हणत होता, एकदा गप्प बसत होता, आणि पलंगावरून बाबा त्याच्याकडे डोळे मोठे करून बघत होते. आता हाही गेला कामातून, असं त्यांना वाटलं असावं.

आवाज टेबलापाशी केला तर काही होत नव्हतं. या खोलीत केला की लाइन जात होती. जे काही होतं ते इथे होतं. त्याने पलंगाखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. मग पलंग भिंतीपासून ओढला. उशाच्या मागे, भिंतीतल्या प्लगला एक वायर होती, आणि पलंगाच्या पायाला कापडाच्या चिंधीने एक पांढरा, मुठीएवढा डबा बांधलेला होता. त्यावर बदकाचं चित्र होतं. या बदकाची चोच शाबूत होती. चिंधीला मारलेली गाठ त्याच्या रोजच्या बघण्यातली होती. मावशी घाणीची पिशवी अशाच गाठीने बांधायच्या.

"हे काय?" तो म्हणाला, आणि डब्यावर हिरवा दिवा लागला.

ताईचा मुलगा पाळण्यात होता तेव्हाचं हे यंत्र. एक डबा बाळापाशी, दुसरा आईपाशी. बाळ निजलेलं असलं की मुका, हूं की चूं झालं की आईला ऐकू जायचं. भाचा आता कॉलेजात होता. दुसरा डबा वर, लख्ख स्वयंपाकघरात, फ्रिजवर खरखरत होता.

चोरून ऐकते! इतके दिवस खाली पाऊल टाकायचं नाही आणि वर बसून कान लावायचे! धाकट्याने तोंड उघडलं. या डब्यालाच तोंड लावून तिला चार शब्द सुनावावेत असं त्याच्या मनात आलं. पण शब्द यायच्या आधीच, त्याच्या नुसत्या फुसकाऱ्यानेच, हिरवा दिवा लागला. त्याने तोंड मिटलं.

आत्ताच तो काय म्हणाला होता? आणि काल? परवा रात्रीचं अंथरूण बदलताना? बाबांनी घास थुंकला तेव्हा त्यांचा जबडा धरून तो जे बोलला होता, ते त्याला शब्द न् शब्द आठवलं. डायपर संपले म्हणून तो इथेच शिव्या घालत होता, आणि दुसऱ्या दिवशी दाराशी डायपरचं पुडकं होतं. ते मावशींनी आणलं असं तो धरून चालला होता. मावशी कशाला आणतील? आणि ताईचं ते जिन्यात बघणं. झोप होते का रे तुझी. मरत का नाहीस एकदाचा, असं तो पहिल्यांदा मोठ्याने म्हणाला त्याच्या दुसऱ्या सकाळपासून ती ते विचारायला लागली होती.

इतका वेळ घाण त्याच्या हातांना, नाकाला, चादरीला होती. आता ती तोंडात आल्यासारखी वाटली. त्याने वायर प्लगमधून उपसून काढली.

बाबांना त्याने एक अक्षर न बोलता साफ केलं. मग संध्याकाळपर्यंत फोन घेतले. एकही तुटला नाही. पलीकडे बाबा खोकले, कण्हले, झोपले, उठले, लाइन ढिम्म हलली नाही. सुपरवायझर बाईंनी हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, असंच चालू द्या. नोकरी वाचली होती. उड्या माराव्यात असं काहीच त्याला वाटलं नाही.

दिवे लावायच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. वळणापाशी थांबली, पुन्हा वाजली, आणि दाराशी येऊन उभी राहिली. दार उघडंच होतं. ताई अनवाणी आली होती. एका हाताने तिने दाराची चौकट धरली होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सगळं ठीक आहे ना?"

"हो," धाकटा म्हणाला. "का?"

"काही नाही. असंच." तिची नजर त्याच्या खांद्यावरून बाबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच अडली. "दुपारपासून काही… म्हणजे शांत वाटलं खालून."

धाकट्याला तिला धरून हलवावंसं वाटलं, आणि तिच्या पायाशी बसावंसंही वाटलं. त्याने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली.

"झोपलेत," तो म्हणाला. "आवाज नसला म्हणजे झोपलेत, असं समज."

ताईने त्याच्याकडे बघितलं. मग मान हलवून ती वळली, आणि जिना चढताना तिने कठडा घट्ट धरला होता, जणू तीच म्हातारी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्यावर तो बाजारात गेला आणि वायरचं एक मोठं भेंडोळं घेऊन आला. वायरलेसचं लचांडच नको. जिन्याच्या वळणावरच्या राउटरपासून भिंतीच्या कडेने खिळे मारत त्याने वायर खाली आणली, दाराच्या चौकटीतून आत घेतली आणि कॉम्प्युटरच्या पाठीत खोचली. मावशी बादली घेऊन बाहेर आल्या आणि वायरकडे बघत उभ्या राहिल्या.

"पलंगामागची गाठ तुमची ना?" त्याने खिळा ठोकता ठोकता विचारलं.

मावशींनी बादली खाली ठेवली.

"ताईंनी सांगितलं होतं. म्हणाल्या, मी समोर गेले की बाबांना त्रास होतो, नुसता श्वास ऐकू आला तरी पुरे."

"कधीपासून?"

"ते घरी आले त्याच आठवड्यात."

म्हणजे सगळंच. पहिल्यापासून. धाकट्याने हातोडी खाली ठेवली.

"आणि मी जे बोलतो ते?"

"मी सकाळी येते अन् जाते," मावशी म्हणाल्या. "मला काय ठाऊक तुम्ही काय बोलता ते?" पण त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, आणि बादली उचलून मोरीकडे गेल्या.

त्या गेल्यावर त्याने पलंगामागे हात घालून यंत्राची वायर पुन्हा प्लगमध्ये बसवली. टेबलावरच्या खुणेकडे बघितलं. वायरवर चालणाऱ्या लाइनला आता डब्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्याने दिवसभर फोन घेतले आणि दिवसभर गोड बोलला.

संध्याकाळी त्याने हेडफोन काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला, हातमोजे चढवले आणि गरम पाण्याचं भांडं घेऊन बाबांच्या खोलीत गेला. वास तोच होता. पलंगावरच्या माणसाबद्दल त्याला एकाएकी माया वगैरे फुटली नव्हती. चादर उचलताना त्याचं नाक आपोआप मुरडलंच.

"बाबा, आता कुशीवर वळायचं हं," तो म्हणाला. "सावकाश. घाई नाही. मी धरलंय तुम्हाला."

भिंतीशी हिरवा दिवा लागला.

धाकट्याला आपला आवाज ऐकू आला. खाली उतरलेला, मऊ, प्रत्येक शब्दावर साखर पेरलेला. सकाळपासून वॉशिंग मशीनवाल्यांना वाटलेलाच आवाज होता तो, आणि उरलेला त्याने इथे आणून ओतला होता. तोही बाबांसाठी नाही, बदकाच्या डब्यासाठी. वर कोणी ऐकतंय म्हणून. हाताखालच्या घाणीची किळस एक वेळ परवडली असती. पण आता जुन्या आवाजात बोलायची सोय नव्हती आणि तिसरा आवाज त्याच्यापाशी नव्हता. तो तसाच बोलत राहिला.

"पाणी कोमट आहे. लागलं तर सांगा. आता हा पाय. झालं, झालंच हं."

बाबांचं अंग वळता वळता ताठ झालं. त्याने वर बघितलं. बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. छाती आतल्या आत हिसके देत होती, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, चेहरा लाल होत चालला होता. खोकला आला होता आणि ते तो सगळी ताकद लावून आत धरून होते. त्यांची नजर धाकट्याच्या तोंडाकडे नव्हती. ती त्याच्या कानावर होती. या बाजूच्या कानावर, मग कष्टाने मान उचलून त्या बाजूच्या. जे दिसायला हवं होतं ते दिसत नव्हतं, तरी त्यांनी ओठ उघडले नाहीत.

धाकट्याच्या हातातलं फडकं ठिबकत राहिलं.

"फोन नाहीये, बाबा," तो म्हणाला. "तुमच्याशीच बोलतोय."

बाबांचा विश्वास बसला नाही. त्याला मान वळवून दोन्ही कान दाखवावे लागले आणि तेच पुन्हा एकदा म्हणावं लागलं. मग बाबा खोकले.